माती अडवा, पाणी सोडा: गाळणीच्या कापडाचा इतिहास

आमच्याकडे लग्नकार्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न: "पीएचडी कशात करतेस?" मी सांगते, "जमिनीखाली घालायच्या कापडावर." मग समोरच्याचा चेहरा असा होतो, की त्याला माझ्या आईवडिलांची काळजी वाटायला लागली आहे.

यंदा मात्र या प्रश्नावर एका माणसाने मला उलटा प्रश्न विचारला. माझे मामा. मामांचं शेत सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाजवळ. काळीभोर जमीन, वर्षानुवर्षं ऊस, पाटाचं भरपूर पाणी, आणि त्याचा ठरलेला शेवट: जमीन क्षारपड. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. त्यावरचा उपाय म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून साठलेलं पाणी आणि त्यातले क्षार बाहेर काढायचे. मामांच्या शेजारच्या आबांनी खर्च करून असे पाइप घातले होते. पाइपात माती शिरू नये म्हणून त्यावर कापड गुंडाळलेलं. पहिल्या वर्षी चेंबरमध्ये धो धो पाणी आलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नुसती ठिबक. पाइप उकरून बघितला तर आतून स्वच्छ, कोरा. कापडावर मात्र साबणासारखा गुळगुळीत चिखलाचा थर.

मामांनी त्या कापडाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चांगलं जाडजूड कापड आहे की गं. मग पाणी का येईना?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसांना साधारण साठ वर्षं लागली. आज ती गोष्ट सांगते.

एकाच वेळी दोन उलट कामं

गाळणीचं काम ऐकायला सोपं वाटतं. चहाची गाळणी चोथा अडवते, चहा सोडते. पण जमिनीतल्या गाळणीला कोणी धुवायला येत नाही. एकदा पुरली की वीस, तीस, पन्नास वर्षं तिने तसंच काम करायचं. छिद्रं मोठी ठेवली तर माती वाहून जाते, पाइप भरतो, वरची जमीन खचते. धरणात असं झालं तर धरणच जातं. छिद्रं फार लहान ठेवली तर बारीक कण तोंडाशी अडकून बसतात, पाणी तुंबतं, मागचा दाब वाढतो आणि भिंत ढकलली जाते. म्हणजे दोन्हीकडून मरण.

यातली खरी गंमत अशी, की चांगली गाळणी सगळे कण अडवतच नाही. ती फक्त मोठे कण अडवते. ते मोठे कण छिद्रावर कमानीसारखे एकमेकांना टेकून बसतात, त्यांच्या मागे मधले, मधल्यांच्या मागे बारीक. सुरुवातीला थोडं गढूळ पाणी येतं, मग नितळ होतं. शेवटी मातीला माती अडवते. कापड फक्त त्या पहिल्या रांगेला आधार देतं. मी एमएस्सीला पदार्थविज्ञान शिकले, तिथून या विषयात ओढली गेले ती या कमानीमुळेच.

तेरझागी आणि वाळूचा हिशोब

कापडाच्या आधी गाळणी होती वाळूची आणि खडीची. मातीला लागून बारीक वाळू, मग जाड वाळू, मग खडी. पण किती बारीक, किती जाड? हे बराच काळ मिस्त्री लोकांच्या नजरेवर चालायचं.

त्याला आकड्यात बांधलं कार्ल तेरझागी यांनी. १८८३ साली प्रागमध्ये जन्म, पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये शिकवत असताना त्यांनी साध्यासुध्या साधनांनी मातीवर प्रयोग सुरू केले, आणि १९२५ साली मृदायांत्रिकीचा पाया घालणारं पुस्तक लिहिलं. गाळणीबद्दलचे त्यांचे नियम दोन ओळींत मावतात.

कल्पना करा, मातीचे कण लहान ते मोठे असे रांगेत लावले. वजनाने ८५ टक्के माती ज्या आकारापेक्षा बारीक आहे, तो आकार डी-८५. तसाच १५ टक्क्यांचा डी-१५. आता नियम:

पहिला: वाळूचा डी-१५ हा मातीच्या डी-८५ च्या चौपटीपेक्षा जास्त नको. (माती अडवण्यासाठी.)

दुसरा: वाळूचा डी-१५ हा मातीच्या डी-१५ च्या निदान चौपट हवा. (पाणी सोडण्यासाठी.)

दुसऱ्या नियमात चौपटच का? वाळूतून पाणी किती सहज जातं हे ढोबळमानाने कणांच्या आकाराच्या वर्गावर अवलंबून असतं. आकार चौपट, तर पाणी जाण्याची क्षमता साधारण सोळापट. म्हणजे पाण्याला मातीपेक्षा गाळणीत भरपूर मोकळीक मिळते, दाब साठत नाही. १९४० साली हार्वर्डमध्ये बर्ट्रम यांनी प्रयोग करून हे नियम तपासले, आणि ते टिकले. पुढे आकड्यांत थोडेफार बदल झाले, पण त्या दोन वाक्यांचा सांगाडा आजही तोच आहे.

अडचण वेगळीच होती. कागदावर वाळू बरोबर निघते, पण तशी वाळू जवळपास मिळायला हवी ना! आणि ती उभ्या उतारावर, पाण्याखाली, लाटांमध्ये सारख्या जाडीने पसरायची कशी?

कापूस, ताग आणि विलोच्या फांद्या

कापडाचा विचार काही एकदम आकाशातून पडला नाही. हॉलंडमध्ये शेकडो वर्षं विलो झाडाच्या फांद्या विणून मोठमोठ्या चटया करायचे, त्यावर दगड टाकून त्या समुद्राच्या तळाशी बुडवायचे, म्हणजे प्रवाहाने तळाची वाळू उकरली जाऊ नये. अमेरिकेत साउथ कॅरोलिनाच्या रस्ते खात्याने १९२६ पासून रस्त्याखाली सुती कापड घालून पाहिलं. कापड, त्यावर गरम डांबर, वर वाळूचा पातळ थर. १९३५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: जोवर कापड शाबूत, तोवर भेगा कमी, रस्ता चांगला. आपल्याकडे कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवर १९३४ साली तागाचं कापड वापरल्याचा उल्लेख या विषयाच्या इतिहासात नेहमी येतो.

पण "जोवर कापड शाबूत" हीच तर मेख होती. कापूस आणि ताग ओल्या मातीत कुजतात. उतारावर गवत उगवेपर्यंत माती धरून ठेवायची असेल तर ते कुजणं सोयीचंच, आजही तिथे ताग आणि काथ्या वापरतात. पण भिंतीमागे किंवा धरणाच्या पोटात कुजणारी गाळणी कोण घालणार? कल्पना बरोबर होती, धागा चुकीचा होता.

१९५३ ची रात्र आणि फ्लोरिडाचा किनारा

३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ च्या मधल्या रात्री उत्तर समुद्र हॉलंडचे बांध फोडून आत शिरला. एकट्या हॉलंडमध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर डच लोकांनी डेल्टा प्रकल्प हाती घेतला, खाड्यांची तोंडं बंद करण्याचा. इतक्या मोठ्या कामाला विलोच्या चटया आणि त्या विणणारे हात पुरणार कुठून? म्हणून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे नायलॉनच्या कापडाची वाळूची पोती आली, आणि मग विणलेल्या कृत्रिम धाग्याच्या चटया.

याच सुमारास, १९५८ साली, अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दुसरी सुरुवात झाली. काँक्रीटच्या ठोकळ्यांखालून लाटा वाळू ओढून नेत होत्या. ठोकळ्यांच्या खाली खडीचे थर घालण्याऐवजी प्लॅस्टिकच्या धाग्याचं विणलेलं कापड घातलं. या कामातले रॉबर्ट बॅरेट यांनी १९६६ साली टोकियोच्या किनारा अभियांत्रिकी परिषदेत त्यावर निबंध वाचला. तो वाचताना मला एका गोष्टीचं नवल वाटलं. कापड मजबूत हवं, ताणलं गेलं पाहिजे, हे ते सांगतातच. पण माती अडवणं आणि पाणी सोडणं या दोन्ही गोष्टी एकत्र बघायला हव्यात, हेही तिथे आहे. म्हणजे तेरझागींचे दोन नियम वाळूवरून कापडावर आले.

डच वाट पुढे कुठवर गेली बघा. पूर्व शेल्ट खाडीवरचा वादळरोधक बांध १९८६ साली सुरू झाला. त्याच्या खांबांखाली अंथरलेल्या गाळणीच्या गाद्या २०० मीटर लांब, ४२ मीटर रुंद आणि ३६ सेंटिमीटर जाड. कापडाच्या थरांमध्ये वाळू आणि खडी भरलेली. त्या समुद्राच्या तळावर अंथरायला कार्डियम नावाचं खास जहाज बांधलं होतं. विलोच्या चटईची ही नातवंडं.

धरणाच्या पोटात न विणलेलं कापड

तोवरची कापडं विणलेली होती, आडवा-उभा धागा असलेली. १९६० च्या दशकाच्या शेवटी युरोपात न विणलेलं कापड बाजारात आलं. यात धागे वेडेवाकडे अंथरतात आणि हजारो काटेरी सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवतात. हाताला नमद्यासारखं लागतं. छिद्रं एका मापाची नसतात, वाट वाकडीतिकडी असते.

१९७० साली फ्रान्समध्ये वाल्क्रो इथे १७ मीटर उंचीचं एक मातीचं धरण बांधत होते. झां-पिएर जिरू नावाच्या तरुण अभियंत्याने तिथे निचऱ्याच्या खडीभोवती वाळूच्या गाळणीऐवजी हे पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड वापरलं. मातीच्या धरणात गाळणी म्हणून कापड वापरण्याची ही पहिली वेळ मानली जाते. विचार करा, ज्या जागी चूक झाली तर धरण फुटतं, त्या जागी नवखं कापड! पण महत्त्वाचं पुढे आहे. त्या धरणातून सहा वर्षांनी, आणि पुन्हा वीसेक वर्षांनी, कापडाचे तुकडे काढून तपासले. पाणी अजून जात होतं. या क्षेत्राला आत्मविश्वास मिळाला तो कंपन्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा अशा उकरून काढलेल्या तुकड्यांमुळे. आबांच्या शेतातून उकरलेला तुकडाही तेच काम करतोय, फक्त उलट्या बाजूने.

तोपर्यंत या मालाला धड नावही नव्हतं. कोणी गाळकापड म्हणे, कोणी प्लॅस्टिक फिल्टर. १९७७ साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे जिरू यांनीच 'जिओटेक्स्टाइल' हा शब्द वापरला आणि तो चिकटला.

तुंबणं मोजायचं कसं?

वाळू चाळता येते. कापडाचं छिद्र कसं मोजायचं? आणि ते या मातीत तुंबेल की नाही, हे आधी कसं कळणार?

अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलात कॅलहून यांनी १९७२ साली यावर अहवाल लिहिला. छिद्रासाठी युक्ती अशी: ठरावीक मापाचे काचेचे मणी कापडावर टाकून हलवायचे. ज्या मापाचे पाच टक्के किंवा त्याहून कमी मणी खाली पडतात, ते त्या कापडाचं भासमान छिद्र. आजही जिओटेक्स्टाइलच्या कागदावर हाच आकडा असतो.

तुंबण्यासाठी दुसरी युक्ती. पारदर्शक नळकांड्यात तळाशी कापड, वर खऱ्या जागेवरची माती, वरून पाणी. मग दोन ठिकाणी दाब किती घटतो ते बघायचं: कापड आणि त्याला लागून असलेल्या मातीत, आणि त्याच्या वरच्या मोकळ्या मातीत. दोन्हीकडे घट सारखी असेल तर गुणोत्तर १, सगळं ठीक. कापडाजवळ घट जास्त, म्हणजे तिथे काहीतरी अडतंय. गुणोत्तर ३ च्या वर गेलं, तर ते कापड त्या मातीसाठी बाद.

यातला मोठा विचार माझ्या मते 'त्या मातीसाठी' या दोन शब्दांत आहे. कापड एकटं चांगलं किंवा वाईट नसतं. कापड आणि माती यांची जोडी तपासावी लागते.

मग आपण वजनावर का विकत घेतो?

इथे आपण परत मामांच्या "जाडजूड"पाशी येतो. आपल्याकडे साइटवर आणि दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती जीएसएमचं?" म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. धागा किती वापरला, म्हणून किंमत किती, हे त्यातून कळतं. छिद्र किती आणि पाणी किती जाईल, हे कळत नाही. उलट सुयांनी टोचलेल्या कापडात वजन वाढलं, की साधारणपणे वाट लांबते आणि छिद्र बारीक होतं. दुसरीकडे पट्ट्यांनी विणलेलं, सिमेंटच्या पोत्यासारखं दिसणारं कापड ओढायला भयंकर मजबूत असतं, पण त्यातून पाणी फार कमी जातं. रस्त्याखाली माती आणि खडी वेगळी ठेवायला ते चालेल. निचऱ्याला नाही. अमेरिकेतल्या रस्ते खात्यांचं एम-२८८ हे मानक तर निचऱ्यासाठी अशा कापडाला सरळ मनाईच करतं.

तेच मानक निचऱ्यासाठी कापड निवडताना आधी मातीकडे बघतं. ०.०७५ मिलिमीटरपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांहून कमी असतील, तर छिद्र ०.४३ मिमीपर्यंत चालतं. ते ५० टक्क्यांच्या वर असतील, तर ०.२२ मिमी. चिकट मातीला थोडी सूट, ०.३० मिमीपर्यंत. सोबत पाणी सोडण्याची किमान क्षमता. मजबुतीची अट आहेच, कारण काम चालू असतानाच, वर खडी ओतताना कापड फाटण्याची भीती असते. भारतीय मानक ब्युरोचंही निचऱ्याच्या जिओटेक्स्टाइलसाठी वेगळं मानक आहे, आणि मुंबईत घाटकोपरच्या बीटीआरए या वस्त्र संशोधन संस्थेत या कापडांच्या चाचण्या होतात. म्हणजे सोय नाही असं नाही, विचारायची सवय नाही.

आबांच्या शेतात काय झालं असावं

मला तीन गोष्टी दिसतात.

एक, कापड पाइपला घट्ट गुंडाळलेलं होतं. त्यामुळे पाणी फक्त पाइपच्या भोकांसमोरच्या कापडातून आत जाणार. बाकी कापड बिनकामाचं. तेवढ्या जागेत वेग जास्त, आणि बारीक कण नेमके तिथेच जमा होणार. म्हणून डच शेतकरी पाइपभोवती सैल धाग्याचं जाड वेष्टण वापरतात. आधी ते नारळाच्या काथ्याचं असायचं, आता पॉलिप्रॉपिलीनचं. त्यातलं एक नेहमीचं माप ०.४५ मिमीचं आहे, म्हणजे चिकट मातीसाठीच्या रस्त्याच्या मानकापेक्षा बरंच मोकळं.

दोन, हातातलं कापड बारीक छिद्राचं, भारी वजनाचं होतं. बांधकामाच्या दुकानातलं असावं.

तीन, आणि माझ्या प्रबंधाचा विषय हाच आहे: माती चोपण होती. चोपण म्हणजे जिच्यात सोडियमचं प्रमाण जास्त. साध्या काळ्या मातीत चिकणमातीचे कण एकमेकांना धरून खडे बनवतात, आणि ते खडे कमान करतात. सोडियम वाढला आणि वरून गोडं पाणी आलं, की हे कण एकमेकांना सोडतात आणि पाण्यात तरंगायला लागतात. मग कमान करायला मोठे कण उरतच नाहीत. तेरझागींचे नियम कणांच्या आकारावर उभे आहेत, आणि इथे आकारच पाण्यातल्या क्षारांप्रमाणे बदलतो. पहिल्या वर्षी पाणी चांगलं का आलं, हेही यातून समजतं. तेव्हा मातीत क्षार भरपूर होते, कण धरून होते. पावसाने क्षार धुतले गेले, सोडियम मागे राहिला, आणि माती विरघळल्यासारखी झाली. म्हणून अशा जमिनीत निचऱ्यासोबत जिप्सम घालायला सांगतात. त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि कण पुन्हा जुळतात. आबांनी पाइप घातले, जिप्सम राहून गेलं. ज्याने पाइप घातले त्याने माती तपासलीच नव्हती.

हे सगळं मी 'असावं' म्हणतेय, कारण सिद्ध करायला नळकांडी लागतात, आणि चिकणमातीत पाणी इतकं हळू सरकतं की एकेक नळकांडं महिनोन् महिने बघत बसावं लागतं. तेच माझं काम.

मामांनी मात्र माझ्या प्रबंधासाठी थांबायला नकार दिला. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी दोन एकरांत पाइप घातले. आधी तीन खोलीवरची माती प्रयोगशाळेत दिली, सोडियमचा आकडा बघून जिप्समचा हिशोब केला, आणि पाइपवाल्याला जीएसएमऐवजी छिद्राचं माप विचारलं. तो गडबडला, म्हणाला, कंपनीला विचारून सांगतो. दोन दिवसांनी त्याने सांगितलं. म्हणजे आकडा कुठेतरी होताच.

आता दर रविवारी मामा चेंबरच्या तोंडाशी बादली धरतात आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. मामी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर ते लिहून ठेवते. पहिल्या वर्षाचे आकडे चांगले आहेत, पण पहिल्या वर्षी आबांचेही चांगलेच होते. मी दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या पानाची वाट बघतेय.